अंगणातील लिंबू-पेरूवरची खवले कीड आणि मुंग्यांचा बंदोबस्त

व्यापाराच्या पानावर लिंबाच्या झाडाची चर्चा कशाला, असा सवाल काही वाचक करतील. त्यांनी २०२२ सालचा रमजान आठवावा. ऐन एप्रिल महिना, कडक ऊन, आणि अनेक शहरांत लिंबाचा भाव किलोला २०० रुपयांच्या वर गेलेला. ज्यांच्या अंगणात एक धडधाकट झाड होते त्यांच्या इफ्तारच्या सरबताला तोटा पडला नाही, शिवाय शेजाऱ्यांना चार लिंबे वाटता आली. आपल्या यंत्रमागाच्या वस्त्यांतून अशी झाडे लावली जातात, पण तीन-चार वर्षांत पाने काळी पडून झाड वाळू लागते. घरातील म्हाताऱ्या नजर लागली म्हणतात. बहुतेक वेळा ती नजर नसून खवले कीड असते.

ओळख सोपी आहे. खोडावरून मुंग्यांची रांग सारखी वर-खाली चाललेली दिसते. पानांना हात लावला तर चिकट लागतो. त्या चिकट्यावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी चढते. लोक ती काजळी पुसतात किंवा मुंग्यांवर पावडर टाकतात. खरा गुन्हेगार पानाच्या मागे, शिरेच्या बाजूला आणि कोवळ्या फांदीच्या सांध्यात बसलेला असतो. हिरवट, तपकिरी किंवा पांढरा, डाळीच्या टरफलाएवढा ठिपका. तो हलत नाही, म्हणून तो कीडा आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. नखाने खरवडला की निघतो आणि आत ओलसर अंग दिसते. पेरू आणि सीताफळावर याचाच भाऊबंद, कापसाच्या पुंजक्यासारखा पिठ्या ढेकूण असतो.

हा कीडा सोंड खुपसून झाडाचा रस ओढतो. अंगावर मेणाचे किंवा टणक खवल्याचे कवच असल्यामुळे वरून मारलेले औषध आत पोहोचत नाही. अंड्यातून निघालेली पिल्ले मात्र उघडी असतात. ती थोडे दिवस चालतात, जागा धरतात आणि मग कवच चढवतात. औषधाचा खरा परिणाम या पिल्लांवर होतो. सगळी पिल्ले एका दिवशी निघत नाहीत, म्हणून एकदाच फवारून कधी भागत नाही.

आम्ही कपड्याच्या धंद्यातले, म्हणून येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. किरमिजी रंग आपण सगळे जाणतो. हा शब्द अरबी ‘किरमिज’वरून आला, आणि किरमिज हा ओकच्या झाडावर बसणारा याच जातीचा कीडा. त्याला वाळवून रेशीम आणि लोकर रंगवीत. आपल्याकडील बांगड्यांची लाखसुद्धा अशाच कीड्याची देणगी होय. एकूण हे खानदान व्यापाऱ्यांना अगदीच परके नाही, फक्त आपल्या लिंबावर ते नको.

आता मुंग्यांकडे वळू. रस ओढणारा कीडा जास्तीचा गोड चिकटा बाहेर टाकतो. मुंग्या तो खाण्यासाठी येतात आणि मोबदल्यात कीड्याची राखण करतात. कीड खाणारे ढालकिडे किंवा बारीक माश्या आल्या की त्यांना हुसकून लावतात. मुंग्यांची वाट बंद झाली की हे मित्रकीटक निर्धास्तपणे कामाला लागतात, आणि पुष्कळदा एवढ्यानेच कीड निम्म्यावर येते. एक बाब लक्षात ठेवावी. लिंबू-संत्र्यावरील लाल खवल्यासारख्या टणक कवचाच्या जाती चिकटा सोडत नाहीत. त्यामुळे मुंग्या नाहीत म्हणजे कीड नाही असे समजू नये.

काही लोक वारुळात घासलेट ओतून काडी लावतात. हा प्रकार ताबडतोब बंद झाला पाहिजे. एका मुंगीने चावा घेतला म्हणून सारी वस्ती जाळणाऱ्या एका पैगंबरांना अल्लाहकडून समज मिळाली, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. मुंगी मारण्याची मनाई अबू दाऊदमध्येही आली आहे. घरात उपद्रव देणाऱ्या मुंग्यांचा मसला आपल्या इमाम साहेबांना विचारावा. झाडापुरते बोलायचे तर मारण्याची गरजच पडत नाही. वाट अडवली की काम होते.

वाट अडवण्यासाठी खोडाला पट्टा बांधावा. जमिनीपासून फूटभर वर खोड साफ करून त्याभोवती सुताचे वेस्टेज किंवा जुन्या चिंध्या घट्ट गुंडाळाव्यात. सालीच्या खाचा भरल्या नाहीत तर मुंग्या पट्ट्याखालून निघून जातात. त्यावर वीतभर रुंदीचा जाड प्लास्टिकचा पट्टा लपेटून वर-खाली सुतळीने बांधावा आणि प्लास्टिकवर ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीला कधीही लावू नये. लिंबू आणि पेरूची साल पातळ, ती खराब होते. आमच्यासारख्या गावात हवेत धूळ आणि मागाची रुई उडत असते. ती ग्रीसवर बसली की मुंग्यांना पूल तयार मिळतो, म्हणून दर आठवड्याला पाहून नवे ग्रीस द्यावे. पावसाळ्यात पट्टा सोडावा, नाहीतर आत पाणी मुरून साल कुजते.

पट्टा बांधूनही मुंग्या दिसल्या तर वर पाहावे. भिंतीला टेकलेली फांदी, कपडे वाळविण्याची दोरी, जमिनीला टेकलेली डहाळी, यातली एक वाट जरी उघडी राहिली तरी सारी मेहनत वाया जाते. अशा फांद्या छाटाव्यात. किडीने भरलेल्या डहाळ्याही त्याच वेळी कापून पिशवीत बांधून टाकाव्यात, झाडाखाली पडू देऊ नयेत. खोडावरील कीड जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून निघते. नळीच्या जोरदार पाण्याने पानांची मागची बाजू धुतली तर चिकटा जातो आणि धूळही जाते. धूळ बसलेल्या पानांवर मित्रकीटकांचे काम नीट होत नाही.

उरलेल्या किडीसाठी एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर साध्या साबणाचा कीस विरघळवावा, त्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल घालून दुधासारखे होईपर्यंत घुसळावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, पाने करपतात. बोअरचे जड पाणीही टाळावे. रंगाई-धुलाईच्या कामातील लोकांना सांगायला नको की जड पाण्यात साबण फाटतो. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. नंतर अस्रची नमाज झाल्यावर, ऊन उतरले असता, पानांच्या मागून संपूर्ण झाड भिजवावे. दहा-दहा दिवसांनी असे तीन वेळा करावे. झाड फुलावर असेल तर थांबावे.

जहाल औषधांबाबत स्पष्ट लिहिणे आम्हाला जरूरी वाटते. मुळाशी फोरेटचे दाणे टाकण्याचा आणि डायक्लोर्व्हॉस फवारण्याचा रिवाज पुष्कळ जागी होता. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ही दोन्ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली आहेत. कोणाच्या माळ्यावर जुनी पुडी किंवा बाटली असेल आणि अंगणात मुले त्याच झाडाचे पेरू तोडून खात असतील, तर त्या घराने आजच विचार करावा. शिवाय अशा औषधाने मित्रकीटक आधी मरतात आणि कीड पुढच्या मोसमात दुप्पट जोराने येते.

या मित्रकीटकांची ताकद किती? पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरकडे प्रथम दिसला. त्याने पपईबरोबर तुतीचीही नासाडी केली, म्हणजे रेशमाच्या धंद्यावरच घाव पडला. औषधे थकली. २०१० मध्ये बेंगळुरूच्या संशोधन संस्थेने प्युर्टो रिकोहून एक इवलीशी परजीवी माशी आणून सोडली आणि थोड्याच काळात कीड आटोक्यात आली. आपल्या झाडावर काही खवल्यांना गोल बारीक भोक पडलेले दिसले तर समजावे की अशीच माशी काम करीत आहे. तेथे फवारणी करू नये. पिठ्या ढेकणांत पांढऱ्या झालरीची, चपळपणे चालणारी मोठी अळी दिसली तर तीही मारू नये. ती ऑस्ट्रेलियाहून १८९८ मध्ये हिंदुस्थानात आणलेल्या ढालकिड्याची अळी असण्याचा संभव आहे, आणि ती ढेकूणच खाते.

युरिया हात राखून द्यावा. जास्त नत्राने कोवळी फूट भरपूर येते आणि किडीला तीच हवी असते. नवे रोप घेताना नर्सरीवाल्यासमोरच पान उलटून, सांधे पाहून घ्यावे. बहुतेक अंगणांत कीड अशा रोपाबरोबरच पैसे मोजून आणली जाते.