श्वानाची जांभई : झोपेपलीकडचा अर्थ

वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येक पिढीला अंगणातील एखादा कुत्रा आठवतोच. भोजनगृहाच्या पायरीशी बसणारा, शेवटची पंगत उठून भाकरीचा तुकडा मिळेपर्यंत न हलणारा. अशाच एका कुत्र्याने आम्हाला एक धडा दिला. सुट्टीहून परतलेल्या लहान मुलांनी त्याला गराडा घातला. एकाने गळ्याला मिठी मारली. कुत्र्याने मान वळवली, ओठ चाटले आणि लागोपाठ दोन-तीन जांभया दिल्या. ‘त्याला झोप आली,’ म्हणून मुले हसली, आम्हीही हसलो. क्षणभरातच तो गुरगुरला. आम्ही त्याच्यावर ओरडलो. चूक मात्र आमची होती. त्याने तीन प्रकारे सांगितले होते. आम्हाला ते वाचता आले नव्हते.

झोपेआधी किंवा झोपेतून उठल्यावर, अंग ताणत दिलेली जांभई स्वाभाविकच असते. परंतु भरदिवसा, गर्दीत, ओरडा खाताना किंवा अनोळखी माणूस अंगावर वाकला असता कुत्रा वारंवार जांभई देऊ लागला, तर तो अस्वस्थ असण्याचा संभव अधिक. नॉर्वेच्या श्वान-प्रशिक्षिका तुरिद रुगोस यांनी अशा जांभईची गणना तणाव निवळवणाऱ्या खुणांमध्ये केली आहे. जांभई एकटी पाहू नये. कान मागे गेले आहेत का, शेपूट पोटाशी घेतली आहे का, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो आहे का, हेही पाहावे. या खुणा दुर्लक्षित राहिल्या की गुरगुरणे येते आणि त्यानंतर चावा.

माणसाची जांभई पाहूनही कुत्रा जांभई देतो. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २९ पैकी २१ कुत्र्यांनी माणसाला पाहून जांभई दिली. टोकियो विद्यापीठातील २०१३ च्या अभ्यासात अनोळखी माणसापेक्षा मालकाच्या जांभईला अधिक प्रतिसाद मिळाला. तथापि, २०२० मध्ये २५७ कुत्र्यांची माहिती एकत्र तपासली असता जांभईचा संसर्ग खरा ठरला, पण ओळखीच्या माणसाला झुकते माप मिळत असल्याचा पुरावा सापडला नाही. म्हणून अशा जांभईला प्रेमाची किंवा सहानुभूतीची पावती समजण्याची घाई करू नये.

कोणतेही कारण नसताना जांभया वाढल्या आणि त्यासोबत खाणे मंदावले, लाळ गळू लागली, तोंडाला हात लावू दिला नाही, तर दात, हिरडी, जबडा वा कान यांचे दुखणे किंवा मळमळ असू शकते, पशुवैद्यकाला दाखवावे. एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. जबडा लोंबतो आहे, गिळता येत नाही, घशात हाड अडकल्यासारखे वाटते, अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. रेबीजच्या एका प्रकारात हीच लक्षणे दिसतात. चावा बसला वा ओरखडा उठला, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

मुलांना आम्ही आता इतकेच शिकवतो : कुत्र्याने जांभई दिली की हात मागे घ्या, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका, एक पाऊल मागे सरा आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवा. तो स्वतः जवळ आला, तरच त्याला हात लावा. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी, गल्लीत हेच सांगावे, ही विनंती. तो अंगणातला कुत्रा पुढेही पायरीशी बसत राहिला. त्याला पुन्हा गुरगुरावे लागले नाही, कारण आम्ही त्याची जांभई वाचायला शिकलो होतो.