बीदरचा डोंगर खालून दिसतो

मागच्या येळवशीला भाची पुण्याहून आली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कडब्याच्या कोपीत बसून तिसऱ्यांदा भज्जी वाढून घेताना म्हणाली, "मामा, सगळं आहे तुमच्या बीदरला, फक्त एक डोंगर नाही."

आमचं शेत शहराच्या उत्तरेला, मांजरेच्या बाजूला. मी तिला बांधावर नेलं आणि दक्षिणेकडे बोट केलं. पोटऱ्यातल्या ज्वारीच्या वर एक तांबूस रेघ, फुटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ. "तो काय डोंगर. त्याच्याच डोक्यावर काल रात्री झोपली होतीस."

माथा इतका सपाट आहे, की वर राहणाऱ्याला आपण समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहोत हे कळतच नाही. या माथ्यावर जांभा आहे, कोकणात असतो तोच. आजूबाजूला सगळी काळी माती आणि काळा दगड, मध्येच हे तांबडं बेट. किल्ल्याचा तिहेरी खंदक याच जांभ्यात कोरून काढलेला आहे. जांभा सच्छिद्र. पाऊस पडला की पाणी पितो. खाली चिकणमाती आणि काळा दगड लागला की ते पाणी आडवं सरकतं आणि डोंगराच्या कडेला झऱ्यातून बाहेर येतं. बांधावर उभं राहून तिला हे सांगता सांगता माझ्याही लक्षात आलं, की आपल्या वर्षातल्या कितीतरी जत्रा या झऱ्यांवरच तर भरतात!

महाशिवरात्रीला पापनाश. रामानं लंकेहून परतताना इथं शिवलिंग स्थापलं असं सांगतात. कुंडात झऱ्याचं पाणी.

झरणी नृसिंहाची गोष्ट वेगळी. तिथं दर्शनाला चालत नाही, पाण्यातून जावं लागतं. डोंगरात जवळजवळ तीनशे मीटर आत गेलेला बोगदा, छातीपर्यंत पाणी, आणि डोक्यावर छताला लटकलेली वटवाघळं. मी पहिल्यांदा गेलो तो बाबांच्या खांद्यावर बसून, डोळे गच्च मिटून. डोळे उघडले ते थेट नृसिंहासमोर. जलासुराला मारल्यावर त्याचं पाणी झालं आणि ते देवाच्या पायापासून वाहू लागलं, अशी कथा आहे. ज्यानं कथा रचली त्यानं जांभ्यातून पाझरणारं पाणी नीट पाहिलेलं असणार.

नानक झिऱ्याचंही तेच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुरू नानक इथं आले तेव्हा प्यायला गोडं पाणी नव्हतं, त्यांनी खडावेनं दगड सरकवला आणि झरा फुटला, ही शिखांची श्रद्धा. गुरुनानक जयंतीला देशभरातून लोक येतात. 1699 मधल्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बीदरचे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आणि होळीनंतर विसाव्या दिवसापासून अष्टूरचा उरूस. सुलतान अहमदशहा वली बहमनीचा. म्हणजे बादशहा मुसलमान आणि त्याचा उरूस धरायचा होळीपासून मोजून! कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातल्या माड्याळहून लिंगायत जंगम येतात, त्यांच्याशिवाय उरूस होत नाही. लिंगायत मंडळी याच सुलतानाला अल्लमप्रभू मानतात.

याच अहमदशहानं 1430च्या सुमारास राजधानी गुलबर्ग्याहून इथं आणली. हवा छान, किल्ल्याला जागा उत्तम, पण माथ्यावर पाणी खोल. मग बहमनी काळात इराणी तंत्रानं कारेझ खोदले गेले. नौबादला जाऊन पाहा. जमिनीखाली हलक्या उताराचा बोगदा, आणि थोड्या थोड्या अंतरावर वर उघडणाऱ्या विहिरींसारख्या तोंडांची रांग. खोदलेली माती काढायला, आत हवा जायला ही तोंडं. पंप नाही, मोट नाही, नुसत्या उतारानं पाणी पुढे जातं. 2014 साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जपायला हव्या अशा जगातल्या स्थळांच्या यादीत बीदर घेतलं. नंतर काही तोंडांतला गाळ उपसला गेला. काही मात्र बांधकामाखाली बुजली ती बुजलीच.

लोकांना कशाला बोलू, आमच्याच घराचं सांगतो. पावसाळ्यात अंगणातला तांबडा चिखल घरभर होतो म्हणून आम्ही कंपाउंडपर्यंत फरशी घातली. आई तेव्हा म्हणाली, "आता पाणी कुठं जायचं रे?" "गटारात," मी म्हणालो, आणि आम्ही सगळे हसलो. पुढे बोअर मारलं. परसातल्या आडात मार्गशीर्षापर्यंत पाणी असायचं, आता दिवाळीतच तळ दिसतो. एकट्या आमच्या फरशीनं आड आटला असं नाही म्हणत. पण गल्लीत माती दिसेल असं एकही अंगण उरलेलं नाही.

हे सगळं मी भाचीला बांधावरच सांगितलं. खाली कोपीत पांडव पुजून झाले होते, पाच दगड चुन्यानं पांढरे केलेले. शेतभर चर शिंपून मुलं आंबिलीला परत आली होती. ती मोबाइल काढून हिशेब करत बसली. बीदरला वर्षाला किमान 800 मिलिमीटर पाऊस धरला आणि गच्ची 1000 चौरस फूट, तर वर्षाला जवळजवळ पाऊण लाख लिटर पाणी. "मामा, एका घराचं एवढं! सगळं गटारात?"

मला उत्तर सुचलं नाही. आंबील प्यालो.

उन्हाळ्यात फरशीच्या दोन ओळी उखडल्या. गच्चीच्या पाइपाखाली शोषखड्डा घेतला, माप तिनंच व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. गवंड्यानं पहार घातली तर दोन फुटांवरच जांभा लागला. आई दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, फक्त तांब्याभर पाणी आणून त्यात ओतलं. बघता बघता जिरलं.