विमा-एजंटाची उमेदवारी आणि तिचे मोल

‘उमेदवारी’ हा शब्द आज निवडणुकीच्या संदर्भात अधिक कानावर पडत असला, तरी त्याचा एक जुना अर्थ निराळा आहे. पेढीवर किंवा कचेरीत कायमची नेमणूक होण्यापूर्वी बिनपगारी अथवा अल्प वेतनावर राहून काम शिकणे, याला उमेदवारी करणे म्हणत. शिकवण्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न या व्यवस्थेच्या मुळाशी होता आणि अर्थशास्त्राला तो अपरिचित नाही. ॲडम स्मिथने आपल्या १७७६ च्या ग्रंथात शिकाऊ कारागिरांचा विचार करताना असे नोंदले आहे की, शिकण्याच्या मुदतीत शिष्याचे सारे श्रम उस्तादाच्या मालकीचे असतात, त्याच्या पोटाची सोय बहुधा आईबाप करतात, आणि वर उस्तादाला काही रक्कमही द्यावी लागते. ज्याच्यापाशी पैसा नसेल तो अधिक वर्षे बांधून घेऊन त्याची भरपाई करतो.

नवा विमा-एजंट या चौकटीत सहजासहजी बसत नाही. तो कोणाचा नोकर नसतो, त्याला पगार नसतो, आणि ज्याच्या हाताखाली बसून शिकावे असा उस्तादही त्याला नेहमी लाभत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘विमाविक्रीचे मार्गदर्शन’ शुल्क घेऊन देणारे लोक पुढे आले आहेत. अशा मार्गदर्शनाचे शुल्क वाजवी की अवाजवी हे कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचन भारतातील आयुर्विम्यापुरते मर्यादित ठेवले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एजंटाला शिकवण्याचे मोल आपल्या विमाव्यवस्थेत पूर्वीपासूनच कोणाला तरी दिले जाते. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले आणि २४५ विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था यांचा व्यवसाय त्यात विलीन झाला. त्याबरोबर एजंटांची नेमणूक करणारा आणि त्यांना तयार करणारा पगारी अधिकारीवर्गही महामंडळाकडे आला. आज त्याला विकास अधिकारी म्हणतात. एजंट शोधणे, त्याला शिकवणे, आरंभीच्या भेटींत त्याच्याबरोबर जाणे, हे त्याचे नेमून दिलेले काम होय. त्याचा पगार आणि प्रोत्साहनभत्ता या कामावर अवलंबून असतो. खासगी कंपन्यांत हेच काम विक्री-व्यवस्थापक करतो. हा खर्च अर्थातच हप्त्यातून निघतो. म्हणजे विमेदार आपल्या हप्त्यातून एजंटाच्या शिक्षणाचे मोल एकदा देऊन चुकलेला असतो. तेव्हा एजंट बाहेरच्या मार्गदर्शकाला जे शुल्क देतो ते दुसऱ्यांदा दिलेले मोल ठरते. ते का द्यावे लागते, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर बरेचसे अधिकाऱ्याच्या हितसंबंधात सापडते. त्याच्या कामाचा हिशेब वर्षागणिक नव्या हप्त्यावर होतो. दहा एजंट नेमून त्यांतील प्रत्येकाने आप्तेष्टांच्या चार-पाच पॉलिसी आणल्या, तरी त्याचे वर्ष भागते. एकाच एजंटावर तीन वर्षे मेहनत घेण्यापेक्षा दरसाल नवे एजंट नेमणे त्याला अनेकदा सोयीचे पडते. यात व्यक्तीचा दोष थोडा आणि मोजमापाचा दोष मोठा आहे. परीक्षेपूर्वीच्या शिक्षणाने ही उणीव भरून निघत नाही. विमा नियामकाने २००० साली १०० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले होते. २००७ मध्ये ते ५० तासांवर आणण्यात आले. एजंटपदाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एजंटाला विम्याची तत्त्वे, पॉलिसीचे प्रकार आणि कायद्यातील मुख्य कलमे ठाऊक असतात. अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून पहिले वाक्य काय बोलावे, आणि नकार ऐकून दुसऱ्या दारापर्यंत कसे जावे, हे त्या पुस्तकात नसते. ते शिकायचे तर कोणाच्या तरी सोबतीनेच शिकावे लागते.

विमा-एजंटाचा आरंभ बहुधा आप्तवर्तुळापासून होतो. भाऊ, मेहुणा, शेजारी, जुन्या कचेरीतील सहकारी हे त्याचे पहिले विमेदार. हे वर्तुळ पाच-सहा महिन्यांत संपते, आणि खरी कसोटी तेथून पुढे लागते. म्हणून मार्गदर्शनाच्या मोलाचा हिशेब करताना पहिल्या सहा महिन्यांतील विक्री जवळजवळ बाजूलाच ठेवली पाहिजे. ती मार्गदर्शनावाचूनही झालीच असती. मार्गदर्शकांच्या जाहिरातींत नेमके याच्या उलट घडते. ‘पाच पॉलिसी विका, शुल्क वसूल’ असे सांगितले जाते, आणि त्या पाच पॉलिसी मामाच्या व मावशीच्याच असतात.

हे एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. विमा कायद्यात १९५० साली झालेल्या दुरुस्तीने कमिशनाची जी कमाल श्रेणी आखली, ती दीर्घकाळ व्यवहारात होती: पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर शेकडा ३५, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी शेकडा साडेसात आणि त्यापुढे शेकडा ५. २०२३ पासून नियामकाने ठराविक कमाल दरांऐवजी कंपनीच्या एकूण खर्चावरील मर्यादेवर भर दिला आहे, त्यामुळे आता कंपनीगणिक दर भिन्न असू शकतात. येथे सोयीसाठी जुनीच श्रेणी धरू. पॉलिसीचा वार्षिक हप्ता २०,००० रुपये मानल्यास पहिल्या वर्षी ७,००० रुपये, आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी प्रत्येकी १,५०० रुपये कमिशन मिळते. एक पॉलिसी मिळवण्यास प्रवास, दूरध्वनी इत्यादींचा खर्च २,००० रुपये धरला, तर पहिल्या वर्षाची निव्वळ प्राप्ती ५,००० रुपये उरते. मार्गदर्शनाचे शुल्क ३०,००० रुपये आहे असे समजू.

समजा, मार्गदर्शनावाचून या एजंटाने पहिल्या वर्षी १८ पॉलिसी विकल्या असत्या. त्यांतील १० दुसऱ्या वर्षी आणि ८ तिसऱ्या वर्षी चालू राहिल्या असत्या. मार्गदर्शनामुळे तो २२ पॉलिसी विकतो. एकूण २२ पॉलिसींची प्राप्ती पाहून शुल्क कितीतरी पटींनी वसूल झाले असे वाटते. परंतु मार्गदर्शनाच्या पदरात फक्त वाढीव चारच टाकता येतात. त्यांची पहिल्या वर्षाची निव्वळ प्राप्ती २०,००० रुपये. पॉलिसी टिकण्याचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले, तर दुसऱ्या वर्षी सुमारे १२ आणि तिसऱ्या वर्षी सुमारे १० चालू राहतील. म्हणजे दोन्ही वर्षी दोन-दोन अधिक. त्यांचे कमिशन ३,००० अधिक ३,००० रुपये. तीन वर्षांची एकूण वाढ २६,००० रुपये होते, आणि ३०,००० रुपयांचे शुल्क भरून निघत नाही.

आता समजा, मार्गदर्शकाने विक्रीबरोबर निवडही शिकवली: कोणाला किती हप्ता झेपेल, कोणाची मिळकत हंगामी आहे, कोणाला वार्षिक हप्त्याऐवजी मासिक सोयीचा पडेल. त्यामुळे २२ पैकी १६ पॉलिसी दुसऱ्या वर्षी व १४ तिसऱ्या वर्षी चालू राहिल्या. मग वाढ दोन्ही वर्षी सहा-सहा पॉलिसींची, म्हणजे ९,००० अधिक ९,००० रुपये. आणि एकूण ३८,००० रुपये. शुल्क वसूल होऊन थोडे उरले. दोन्ही प्रसंगी विक्रीची वाढ सारखीच होती; फरक पडला तो टिकावाने. आयुर्विम्यात तेराव्या महिन्यात आणि एकसष्टाव्या महिन्यात किती पॉलिसी चालू आहेत हे मोजण्याची जी पद्धत आहे, तिचा उपयोग कंपनीची प्रकृती तपासण्यासाठी केला जातो. मार्गदर्शकाची प्रकृती तपासण्यासही तीच पद्धत लावली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याला आणखी एक पुरवणी जोडणे अवश्य आहे. नवा एजंट हा व्यवसाय लवकर सोडण्याची शक्यता मोठी असते, आणि अल्पकाळात सोडणाऱ्याचे पुढील हप्त्यांवरील कमिशन सामान्यतः थांबते. पहिल्या वर्षाअखेर सोडण्याची शक्यता निम्मी धरली, तर टिकावातून येणाऱ्या १८,००० रुपयांची अपेक्षित किंमत ९,००० रुपयेच होते. वीस आणि नऊ मिळून एकोणतीस हजार. चांगले मार्गदर्शनही शुल्काच्या किंचित खालीच उतरते. शुल्क कर्ज काढून भरले असेल तर व्याजाने तोटा आणखी वाढतो. शिवाय शुल्क आगाऊ घेतले जात असल्यामुळे अपयशाचा सर्व भार शिष्यावर पडतो. शिष्य टिकला काय, गळाला काय, शिकवणाऱ्याची रक्कम तीच राहते. आपल्याकडे दक्षिणा विद्या संपादन झाल्यावर देण्याचा प्रघात होता. तिच्या मागची धार्मिक भावना बाजूला ठेवली, तरी देण्याची वेळ निवडण्यात व्यवहारज्ञान होते.

गॅरी बेकर याने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शिक्षणाचे दोन प्रकार मानले. जे ज्ञान कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते, त्याचा खर्च शिकणाराच सोसतो. जे एकाच संस्थेत उपयोगी पडते, त्यात संस्था वाटा उचलते. विमाविक्रीचे कौशल्य पहिल्या प्रकारचे, म्हणून एजंटाने शुल्क द्यावे हे ओघाने येते, असा युक्तिवाद करता येईल. पण तो पुरा पटत नाही. कौशल्य जरी सर्वत्र नेता आले, तरी टिकणाऱ्या पॉलिसींचा लाभ एजंटापेक्षा कंपनीला अधिक काळ आणि अधिक प्रमाणात मिळतो. दुसऱ्या वर्षाच्या २०,००० रुपयांच्या हप्त्यातील १,५०० रुपये एजंटाचे; बाकी रकमेचा विनियोग कंपनीच्या हाती. आणि पॉलिसी अकाली बंद पडली, तर सर्वांत मोठी हानी विमेदाराची होते: आरंभीच्या वर्षांत भरलेले हप्ते बहुतांशी बुडतात, आणि संरक्षणही संपते. वाईट शिकवणीची किंमत मोजणारा हा तिसरा मनुष्य शुल्काच्या वाटाघाटीत कोठेच उपस्थित नसतो.

शुल्काऐवजी कमिशनाचा वाटा द्यावा, ही कल्पना वरवर अधिक न्याय्य दिसते, कारण त्यात मार्गदर्शकही जोखीम पत्करतो. परंतु १९३८ च्या विमा कायद्याचे ४० वे कलम एजंट वा अधिकृत मध्यस्थ यांच्याखेरीज इतरांना विमा मिळवून दिल्याबद्दल कमिशन देण्यास मनाई करते. ४१ वे कलम विमेदाराला कमिशनातून सूट देण्यास मनाई करते, आणि तिच्या भंगाचा दंड २०१५ च्या दुरुस्तीने ५०० रुपयांवरून दहा लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आला. त्याच दुरुस्तीने साखळी पद्धतीने एजंट जोडून विमा विकण्यावर स्पष्ट बंदी घातली. तेव्हा जो मार्गदर्शक ‘पहिला हप्ता तूच भरून टाक, पॉलिसी तर मिळेल’ असे शिकवतो, तो शिष्याला बेकायदेशीर मार्ग दाखवतो, आणि वर त्याचे सातपैकी पुष्कळसे हजार विमेदाराच्या खिशात घालतो. अशी शिकवण फुकट मिळाली तरी महागच.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण महामंडळाच्या ‘विमा सखी’ योजनेत दिसते. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे आरंभ झालेल्या या योजनेत दहावी उत्तीर्ण स्त्रियांना एजंट म्हणून तयार करताना कमिशनाशिवाय विद्यावेतन दिले जाते: पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये. तीन वर्षांची बेरीज २,१६,००० रुपये. म्हणजे येथे शिकणारी व्यक्ती शुल्क देत नाही. उमेदवारीचा खर्च संस्था उचलते. यातील लक्षणीय भाग विद्यावेतनाच्या आकड्यापेक्षा त्याच्या अटीत आहे. पहिल्या वर्षी मिळवलेल्या पॉलिसींपैकी शेकडा ६५ तरी दुसऱ्या वर्षाअखेर चालू असल्या पाहिजेत, अशी दुसऱ्या वर्षाच्या विद्यावेतनाची अट आहे. वरील कल्पित हिशेबात मार्गदर्शनावाचूनचा एजंट १८ पैकी १० पॉलिसी टिकवतो, हे प्रमाण शेकडा ५६ च्या आत भरते. तो या कसोटीस उतरला नसता. २२ पैकी १६ टिकवणारा शेकडा ७२ हून पुढे जातो.

ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयाचे प्रत्यक्ष सर्वेक्षण करावयाचे असेल, त्यांनी एका अडचणीबद्दल सावध राहावे. शुल्क देऊन शिकलेले आणि न शिकलेले अशा दोन गटांची प्राप्ती सरळ तुलनेस घेता येत नाही. शुल्क भरणारा मनुष्य आधीच अधिक जिद्दीचा किंवा अधिक सुस्थितीतला असू शकतो. त्याचे यश शिकवणीच्या खाती मांडणे चूक ठरेल. शिवाय जे गळाले ते सर्वेक्षकाला भेटतच नाहीत. म्हणून एखाद्या शाखेत एकाच वर्षी नेमलेल्या सर्व एजंटांची यादी, गळालेल्यांसह, मिळवावी. प्रत्येकाच्या आप्तवर्तुळाबाहेरील पॉलिसी निराळ्या मोजाव्यात, आणि त्या तेराव्या, पंचविसाव्या व सदतिसाव्या महिन्यात चालू आहेत की नाहीत, याची नोंद ठेवावी. आप्त कोण आणि परका कोण, हे केवळ आडनावावरून ठरवू नये. कोल्हापुरात काय किंवा नागपुरात काय, एजंटाचा सर्वांत जवळचा विमेदार पुष्कळदा त्याचा वर्गमित्र असतो.