शुद्ध भाषा, अशुद्ध हेतू

फसवणुकीचा संदेश ओळखण्याची एक सोपी खूण आपण वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत आलो : मोडकीतोडकी भाषा. 'आपला खाते बंद झाली आहे' असे वाक्य दिसले की जाणता ग्राहक सावध होत असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि ही खूण पुसट होऊ लागली. आता निर्दोष, आर्जवी मराठी पत्र यंत्र क्षणार्धात लिहून देते.

मग यंत्राचे लेखन यंत्रानेच ओळखावे, असे कोणासही वाटेल. चॅटजीपीटीच्या जनक संस्थेने, ओपनएआयने, जानेवारी २०२३ मध्ये तसे साधन आणलेही. संस्थेच्याच चाचणीत त्याने यंत्रलिखित इंग्रजी मजकुरांपैकी केवळ २६ टक्के ओळखले. उलट माणसांच्या ९ टक्के लेखनावर यंत्राचा शिक्का मारला. अचूकता अपुरी ठरल्याने जुलै २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. अशी अनेक साधने पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, हे मोजतात. परंतु ठरावीक भाषा माणूसही लिहितो. बँकेचे पत्र तर स्वभावतःच ठरावीक शब्दांचे!

म्हणून, ग्राहक मित्रहो, पत्र कोणी लिहिले यापेक्षा ते काय मागते, हे पाहावे. ओटीपी, पिन वा संकेतशब्द बँक कधीही विचारत नाही. घाई करणारा संदेश आल्यास त्यातील दुव्याला स्पर्श न करता स्वतः शाखेशी संपर्क साधावा. आणि रक्कम गेलीच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. शुद्धलेखन हा सचोटीचा दाखला नव्हे.