बास्केटबॉल समजून घेताना (भाग ६) : दौंडला एंजिन फिरवणारा गडी

मागचा भाग वाचून दौंडच्या एका वाचकांचा फोन आला. "पोरगं नववीत आहे. उंची पाच फूट दोन इंच. सर म्हणतात, तू पॉइंट गार्ड. म्हणजे त्यानं नक्की करायचं काय?" मी सवयीनं सांगून टाकलं : बॉल पुढं आणायचा आणि खेळ लावायचा. फोन ठेवला आणि चुकचुकल्यासारखं झालं. चाळीस वर्षांपूर्वी या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते, आज जेमतेम पास होईल.

आपल्या शाळांच्या सिमेंटच्या कोर्टवर जागांची वाटणी अजून भिंतीला उभं करून उंची मोजावी तशी होते. ताडमाड पोरगा रिंगखाली, बुटका बॉल आणायला. त्यामागं हिशेब होता. बुटक्याचा बॉल जमिनीपासून कमी उसळतो, त्यामुळं कुणाच्या हाताला चटकन लागत नाही. शिवाय घड्याळ मानेवर बसलेलं असतं : ८ सेकंदांत मधली रेघ ओलांडायची, २४ सेकंदांच्या आत शॉट टाकायचा. एवढ्या घाईत पाचांपैकी कुणीतरी एकानं डोकं शांत ठेवावं, बोटं वर करून कुठली चाल ते सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, अशी ती व्यवस्था.

दौंडकरांना ही व्यवस्था समजावून सांगायला नकोच. पुण्याहून मनमाडकडं जाणारी गाडी दौंडात आली, की एंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी आली त्याच्या उलट्या तोंडानं निघायची. तोवर चहा, वडापाव, खिडकीच्या जागेवरून भांडण. जंक्शनला थांबल्याशिवाय गाडीला दिशा मिळत नव्हती. जुना पॉइंट गार्ड म्हणजे हे जंक्शन. बॉल कुणाच्याही हाती पडो, आधी त्याच्याकडं यायचा आणि मग पुढं सुटायचा.

या जातीचा शेवटला शब्द म्हणजे यूटा जॅझचा जॉन स्टॉक्टन. १९ हंगाम एकाच संघात आणि नावावर १५,८०६ असिस्ट, म्हणजे ज्यावर सहकाऱ्यानं बास्केट केली असे इतके पास. हा आकडा एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, अजून कुणाला गाठता आलेला नाही.

चौकट मोडायला मात्र त्याच्याही आधी सुरुवात झाली होती. १६ मे १९८०, एनबीएच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना. लेकर्स संघाचा सेंटर, म्हणजे रिंगखालचा उंच गडी, करीम अब्दुल-जब्बार घोटा दुखावल्यामुळं आलाच नाही. त्याच्या जागी सुरुवातीच्या उडीला उभा राहिला २० वर्षांचा मॅजिक जॉन्सन, संघाचा पॉइंट गार्ड. उंची सहा फूट नऊ इंच! त्यानं ४२ पॉइंट केले, १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे परत आलेले बॉल) घेतले, ७ असिस्ट दिले आणि संघाला विजेतेपद मिळालं. बॉल आणणाऱ्यानं बुटकंच असलं पाहिजे, हा नियम कुणी केला होता?

त्याच १९७९-८० च्या हंगामात एनबीएनं तीन पॉइंटची रेघ आखली. माझ्या मते पॉइंट गार्ड बदलला तो या रेघेमुळं, मॅजिकमुळं तितकासा नाही. तिचा परिणाम दिसायला वेळ लागला एवढंच. लांबून शॉट टाकणारे वाढले तसे डिफेन्डर रिंगखालून बाहेर ओढले गेले आणि मधली जागा मोकळी झाली. मोकळ्या जागेत बॉल घेऊन घुसणाऱ्याला आधी पास आणि मग जमलं तर शॉट, असा क्रम पाळायची गरजच उरली नाही. २०१५-१६ मध्ये स्टीफन करीनं एका हंगामात ४०२ तीन-पॉइंटर बास्केटमध्ये घातले. तो पॉइंट गार्ड आहे आणि त्याच्या संघातला सर्वांत धोकादायक शूटरही तोच. रेघेच्या पुष्कळ मागं त्याच्या हाती बॉल दिसला, तरी दोघं धावत येतात. दोघं एकावर गेले की मागं तिघांना चौघं सांभाळायचे राहतात. पास करायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं.

मग दुसऱ्या टोकाला निकोला योकिच बघा. सर्बियाचा, जवळजवळ सात फूट उंच, कागदावर सेंटर. २०२४-२५ च्या हंगामात दर सामन्यामागं त्याची सरासरी १०.२ असिस्ट होती. त्याच्या डेन्व्हर संघाचा पॉइंट गार्ड कोण, असं विचारलं तर यादीत दुसरंच नाव दिसेल. कोर्टवर बघितलं तर चाल लावतोय तो योकिच.

दौंडलाही आता कॉर्ड लाइन झाली. एंजिन फिरवायला न थांबता गाडी बाहेरच्या बाहेर मनमाडच्या रुळावर जाते. जंक्शन आहे तिथंच आहे, पण प्रत्येक गाडीनं तिथं यायलाच हवं असं राहिलं नाही.

म्हणून सामना बघताना मी जर्सीचा नंबर बघत नाही, उंचीही नाही. दुसरा डिफेन्डर कुणासाठी आपला माणूस सोडून धावतो, ते बघतो. त्या घटकेला पॉइंट गार्ड तो. पुण्याच्या शिरीन लिमयेचा खेळ असा बघावा. २०१७ साली बंगळुरूला आशिया चषकाच्या ब गटात भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघात ती होती. गार्ड असूनही आत घुसून पॉइंट करणारी, रिबाउंडलाही उडी घेणारी. तिला एका खान्यात बसवायला गेलात तर खाना पुरत नाही.

परवा शिरूरला मुलींचा सराव बघत होतो. सर्वांत उंच मुलीनं रिबाउंड पकडला आणि नजर फिरवायला लागली. गार्ड मुलगी समोरून उलटी पळत आली, "दे, दे!" बॉल दिला जाईपर्यंत समोरच्या पाचही जणी परतल्या होत्या. चार सेकंद आणि फास्ट ब्रेक, दोन्ही पाण्यात. सर ओरडले, "रिबाउंड तुझा, बॉल तुझा! निघ की!" पुढल्या वेळी ती निघाली. तिसऱ्या टप्प्याला बॉल स्वतःच्याच बुटावर आपटून बाहेर. त्याच्या पुढल्या वेळी मधली रेघ गाठली, दोघी अंगावर आल्या आणि तिनं कोपऱ्यातल्या मैत्रिणीला टप्पा-पास दिला. कोपरा मोकळा होता, कारण गार्ड मुलगी यावेळी मागं न येता पुढं पळाली होती.

दौंडला परत फोन लावला. म्हटलं, पोराला डाव्या हातानं ड्रिबल शिकवा, तीन पॉइंटचा शॉट घोटून घ्या आणि बॉल हातात नसताना पळायला लावा. पलीकडून लगेच विचारणा : "पण समोरच्यांनी मुद्दाम अदलाबदल घडवून त्याला सहा फुटी पोराच्या तावडीत दिला तर?" प्रश्न रास्त आहे. अशी अदलाबदल घडवतात ती स्क्रीन लावून; पुढच्या रविवारी स्क्रीनचा भाग त्यांच्यासाठीच.