तालमीचे पैसे कुणी द्यायचे?

गणपतीत आमच्या सावेडीत पाइपलाइन रोडवर एखाद्या मांडवासमोर ऑर्केस्ट्रा लागला, की तासाभरात 'अमर अकबर अँथनी'ची फर्माईश येतेच. अंड्यातून अमिताभ बाहेर येतो ते गाणं. कीबोर्डवाला एक बटण दाबून व्हायोलिनचा ताफा उभा करतो, ऑक्टोपॅडवाला दोन काड्यांत ढोलकपासून झांजेपर्यंत सगळं उरकतो. सावेडीकर नाचतात.

गाण्यातला तो अँथनी गोन्साल्विस खरोखरचा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा, जन्म 1927. मुंबईच्या सिनेमात व्हायोलिन वाजवायचा, अरेंजिंग करायचा. गाण्याचे संगीतकार प्यारेलाल त्याचे शिष्य; 1977चं ते गाणं म्हणजे शिष्याने केलेला नमस्कार. 1958 साली या माणसाने इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. शंभरावर वादक, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे, जागा सेंट झेवियर्स कॉलेजचं अंगण. आपले राग स्टाफ नोटेशनमध्ये लिहून पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायचे, हा त्याचा ध्यास. पण वाद्यवृंद टिकला नाही. 1965 मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले. 2012 मध्ये गोव्यात वारले, तोवर गाण्यावर नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते कोण हे ठाऊक नव्हतं.

असे प्रयोग का बंद पडतात, याचं माझं उत्तर साधं आहे. स्टुडिओत वादकाला तालमीच्या वेळेचेही पैसे मिळतात, कारण ती शिफ्टमध्येच होते. बाहेर आपण सुपारी देतो ती फक्त त्या रात्रीची. मग ऑर्केस्ट्रावाला काय करणार? माणसं कमी करतो. आधी व्हायोलिन गेली, मग ट्रम्पेट, आता तर ट्रॅक लावून एकटा गायक उभा. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मंडळाने ठरवलेल्या रकमेत तेवढंच बसतं. मुंबईत 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया चालतो, पण त्यामागे एनसीपीएसारखी संस्था उभी आहे, आणि तरीही बरेच वादक परदेशातून येतात.

सावेडीत एवढं मोठं काही नको. बारा जण धरा: दोन व्हायोलिन, बासरी, हार्मोनियम, तबला, ढोलकी, लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेट-ट्रम्पेटवाले, जे सीझन संपला की रिकामे असतात. आठवड्याला एक तालीम, माणशी 300 रुपये. महिन्याचे 14,400, वर्षाचे 1,72,800. माउली सभागृहाचं भाडं नकोच, संध्याकाळी शाळेचा एखादा वर्ग पुरे. स्वरलिपी लिहून देणारा एक जाणता मात्र हवा, कारण बँडवाला कानाने वाजवतो, व्हायोलिनवाला कागद बघून, आणि पहिले दोन महिने या दोघांची गाठ घालण्यातच जातात. हेच दोन महिने कुठलीही सुपारी देत नाही.

एवढी रक्कम एका मंडळाला जड जाईल, दहा मंडळांना नाही. पुढच्या गणपतीत वर्गणी मागायला पोरं दारात आली, की नेहमीची रक्कम द्याच. वर शंभर रुपये जास्त द्या आणि पावतीवर 'तालमीसाठी' असं लिहून घ्या.