चष्म्याचा नंबर सारखा बदलतो का?

भाताची मळणी सुरू झाली की मच्छे परिसरात भुसा डोळ्यांत जातो आणि आपण डोळे चोळू लागतो. ही सवय सोडा, असे आम्ही कळकळीने सांगतो.

केरॅटोकोनस या विकारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. बहुधा वयात येताना तो सुरू होतो आणि डोळे चोळल्याने बळावतो. अक्षरे दुहेरी दिसतात, रात्री दिवे फाकतात. महाराष्ट्रातील नागपूरकडच्या खेड्यांत ४,६६७ प्रौढांची पाहणी झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभरात दोघांहून अधिक जणांत तो आढळला. तेव्हा हा केवळ शहरी आजार नव्हे.

विकार वाढला की चष्मा पुरत नाही. कठीण लेन्सखाली मात्र अश्रू साचतात आणि उंचसखल भाग झाकला जातो, पाण्याने भरलेले भातखाचर सपाट दिसावे तसा. ती सोसत नसल्यास डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी स्क्लेरल लेन्स असते. लेन्सने दिसते, पण विकार थांबत नाही. त्याची वाढ रोखण्यासाठी ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील किरण देतात. फारच बिघडल्यास पडद्याचे रोपण करतात.

लेन्स विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने धुऊ नये. मळणीला बंद गॉगल लावावा. मुलाचा नंबर वरचेवर बदलत असेल, तर बेळगावच्या नेत्रतज्ज्ञाला दाखवून बुबुळाच्या पडद्याचा नकाशा काढून घ्यावा. लवकर कळले तर नजर राखता येते.